दोनशे दोन किलो

गेल्या नोव्हेंबरात पसरणीच्या घाटात माझी गाडी झोपली. वेग विचाराल तर शून्य.

वाईहून पाचगणीकडे चढताना एका टपरीपाशी चहाला थांबत होतो. खाली धोमचं पाणी, कोवळं ऊन, अंगात जॅकेट हवंहवंसं वाटेल इतकीच थंडी. टपरीसमोरची जागा जराशी उताराची आणि तिच्यावर बारीक खडी. हँडल पूर्ण डावीकडे वळलेलं, चाक जेमतेम फिरतंय, आणि नेमका त्याच वेळी मी पुढचा ब्रेक दाबला. पुढे काय झालं हे मोटारसायकल चालवणाऱ्याला सांगायला नको. डावा पाय टेकवला, तो खडीवरून सरकला. गाडी थोडी कलेपर्यंत माणूस तिला तोलून धरू शकतो. त्यापुढे ती धरता येत नाही, फार तर सावकाश पाडता येते. मी सावकाश पाडली. पाय वेळेवर काढून घेतला. नुकसान म्हणाल तर वाकलेली क्लचची लिव्हर आणि आरशाला गेलेला तडा, बस्स.

टपरीवर चार-पाच तरुण पोरं होती. ती धावत आली. एकाने माझ्या कोपराला धरलं, जसं आपण रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला धरतो तसं. "काका, तुम्ही बाजूला व्हा," असं म्हणून दोघांनी गाडी उभी केली आणि सपाट जागी नेऊन डबल स्टँडला लावूनही दिली. मग त्यांतला एक टाकीवरून हात फिरवत कौतुकाने म्हणाला, "भारी गाडी आहे. मुलाची का, काका?"

मी म्हणालो, "हो."

मला मुलगा नाही. एक मुलगी आहे, तिला मोटारसायकलीत काडीचा रस नाही. गाडी माझी. पैसे माझे, कागदपत्रं माझ्या नावावर, अंगावरचं जॅकेट माझ्या मापाचं. तरी मी हो म्हणालो, आणि चहाही न पिता निघालो. पडल्याचं मला फारसं काही वाटलं नाही. इतक्या वर्षांत अनेकदा पडलोय. पण ते "हो" पुण्यापर्यंत माझ्या मागच्या सीटवर बसून आलं.

*

माझं वय ६६. पहिली गाडी १९८३ साली घेतलेली सेकंडहँड येझदी. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर असत. किक मारायची आणि तोच दांडा पुढे वळवून त्याचा गिअर करायचा. मग १९८८ साली बुलेट. तेव्हाच्या बुलेटचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. शिवाय ती चालू करणं हाच एक संस्कार होता. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणायचा, डीकॉम्प्रेसरची छोटी लिव्हर दाबून पिस्टन जरा पुढे सरकवायचा, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि मग एकच, सबंध अंगाची किक. काटा चुकला तर किक उलटी येऊन पोटरी सोलून काढायची. बँकेतल्या माझ्या निम्म्या बदल्या ह्या गाडीवरून झाल्या. १९९७ साली आम्ही चार मित्र तिच्यासारख्याच चार गाड्या घेऊन मनालीहून लेहला गेलो.

बँकेतून २०१९ साली निवृत्त झालो आणि मिळालेल्या पैशातून रॉयल एन्फील्डची इंटरसेप्टर ६५० घेतली. दोन सिलिंडर, ६४८ सीसी, आणि कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे पेट्रोलशिवाय वजन २०२ किलो. बायको म्हणाली, "लोक ह्या वयात गाडी विकतात." मी म्हणालो, "लोक ह्या वयात फ्लॅट घेतात, तो आपल्याकडे आहे." खरं सांगायचं तर मला घाई झाली होती. घेतली तर आत्ता, नाहीतर कधीच नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगून टाकतो. "वय झालं, सोडा आता" हे वाक्य साठाव्या वर्षी ऐकलं असतं तर मी ह्या गाडीवरची सहा वर्षं गमावली असती. त्या सहा वर्षांत गोकर्ण झालं, हंपी झालं, ताम्हिणीचे तर किती पावसाळे झाले. उशिरा थांबण्यात धोका असतो, तसा वेळेआधी थांबण्यातही तोटा असतो. तो हाडं मोडल्यासारखा एक्स-रेत दिसत नाही, एवढंच.

पण नव्या गाडीने पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकवली. हिचे गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्याला. तीस वर्षं उलटी सवय. शांतपणे चालवत असलो की सगळं नीट जमायचं. समोर अचानक कुत्रं आलं की पाय जुन्या जागीच जायचा, ब्रेक समजून गिअर दाबायचा. दोन महिन्यांत ते सुटलं. तरी लक्षात राहिलं की आणीबाणीच्या क्षणी माणूस आजच्या वयाचा नसतो, आपल्या सवयींच्या वयाचा असतो. आणि सवयींना वाटत असतं की आपण अजून पस्तिशीतच आहोत.

*

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की म्हातारपणी मोठ्या गाडीची भीती वेगाची. वेगाचं म्हणाल तर वय वाढतं तसा माणूस आपसूकच हात आखडता घेतो. ताशी साठचा वेग म्हणजे सेकंदाला साधारण सतरा मीटर. प्रतिक्रिया अर्ध्या सेकंदाने मंदावली तर गाडी सव्वाआठ मीटर पुढे जाऊन मग ब्रेक लागणार. हे गणित कळलं की पुढच्या ट्रकपासून अंतर वाढवता येतं, वेग कमी करता येतो.

वजनाचं मात्र तसं करता येत नाही. चाकं फिरत असतात तोवर गाडी बऱ्यापैकी स्वतःला सावरते, तुमच्या मांड्यांमध्ये जोर आहे की नाही हे ती विचारत नाही. विचारते ती थांबताना. पार्किंगमधून मागे घेताना, चढावर सिग्नलला, अरुंद गल्लीत वळवताना, पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर. तिथे चार-पाच किलोमीटरचा वेग आणि दोनशे किलो लोखंड, आणि ह्या दोहोंच्या मध्ये तुमचा एक गुडघा.

पसरणीहून परतल्यावर मी गेल्या दोन वर्षांतल्या माझ्या लबाड्या मोजल्या. लबाड्याच म्हणायच्या, दुसरा शब्द नाही. सोसायटीत गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावायची, म्हणजे सकाळी मागे रेटायला नको. कुठेही गेलो तर आधी उतार कुठे आहे ते बघायचं. मित्राकडे जेवायला बोलावलं आणि त्याच्या घराची गल्ली अरुंद असली, तर रिक्षाने जायचं आणि "पार्किंगचा त्रास" असं सांगायचं. टाकी फुल्ल करणं मी कधी थांबवलं आठवत नाही. पूर्ण आणि अर्ध्या टाकीत पाचेक किलोंचा फरक, तोही वरच्या बाजूला. आणि डबल स्टँडला गाडी घ्यायची वेळ आली की वॉचमनला हाक. त्याला मी दर वेळी वीस रुपये देत असे. तो बिचारा एकदा म्हणालाही, "साहेब, ह्याचे कशाला?" गप्प राहण्याचे, असं मी मनात म्हणालो.

यातली एकही गोष्ट वेगळी काढली तर त्यात गैर काही नाही. शहाणपणच म्हणता येईल. पण सगळ्या मिळून माझा रस्ता आखत होत्या, आणि मी समजत होतो की रस्ता मी आखतोय.

*

लेहला गेलेल्या आम्हा चौघांचं काय झालं ते सांगतो. तेव्हा आम्ही चाळिशीच्या आसपास होतो. बारालाचा ला ह्या खिंडीच्या अलीकडे बर्फ वितळून रस्त्यावर ओढा आला होता. त्यात माझी बुलेट आडवी झाली, आणि मी ती गुडघाभर पाण्यात, त्या विरळ हवेत, एकट्याने उचलली. बाकी तिघं पलीकडून फोटो काढत होते. तो फोटो अजून आहे. पुढे खारदुंग ला गाठला तेव्हाही फोटो काढले, तिथल्या १८,३८० फूट लिहिलेल्या पाटीखाली. नंतर लोकांनी नीट मोजलं तर ती खिंड भरली १७,५८२ फूट. पण फोटोत पाटी येते, मोजणी येत नाही. आमच्या चौघांच्याही मनात आपापल्या ताकदीची अशी एकेक पाटी वर्षानुवर्षं लटकलेली होती.

पहिल्या मित्राचं थांबणं एका दिवसात झालं. ६१व्या वर्षी घराच्या फाटकातच गाडी अंगावर आली आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, तो चालायला लागला, पण गाडीचा विषय निघाला की उठून आत जातो. दुसऱ्याने डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडली. त्याचे हात कापायला लागले होते, कारण कळलं, आणि त्याने त्याच आठवड्यात गाडी भाच्याला दिली. "बरं झालं, मला ठरवावं लागलं नाही," असं तो म्हणतो. तिसऱ्याने तर कुणाला सांगितलंच नाही. त्याची गाडी झाकण घालून पार्किंगमध्ये उभी आहे. "बॅटरी उतरलीय, ह्या रविवारी बघतो," हे तो चार वर्षं सांगतोय. टायर जमिनीला चिकटलेत.

म्हणजे एकाला पडण्याने थांबवलं, एकाला आजाराने, आणि एक थांबलाय पण त्याला ते मान्य नाही. चौथा मी.

अशा वेळी कुणीतरी टेड सायमनचं उदाहरण देतंच. ह्या इंग्रज पत्रकाराने १९७३ ते १९७७ ह्या काळात ट्रायम्फ मोटारसायकलवरून जगप्रदक्षिणा केली, वाटेत भारतातही आला, आणि २००१ साली, सत्तरीला टेकलेला असताना, पुन्हा तोच मार्ग धरला. मीसुद्धा बायकोला हे उदाहरण पुष्कळदा ऐकवलंय. मात्र त्याच दुसऱ्या प्रवासात केनियात त्याचा पाय मोडला होता, हे सांगायचं मी दर वेळी विसरत असे.

*

सरकार ह्यात मदत करील असं वाटत असेल तर सोडून द्या. माझा परवाना २०२४ साली पाच वर्षांसाठी पुन्हा मिळाला. वैद्यकीय दाखल्याचा अर्ज, नमुना १-अ, घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्तदाब बघितला, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली, सही केली. चूक त्यांची नाही. त्या नमुन्यात "ह्या माणसाला दोनशे किलो पेलतात का" असा प्रश्नच नाही. आपल्या परवान्यावर नुसतं 'गिअर असलेली मोटारसायकल' असतं. शंभर सीसीची गाडी आणि माझी गाडी कायद्याला सारखीच. युरोपात लहान गाडीपासून मोठ्या गाडीपर्यंत परवान्याच्या पायऱ्या आहेत. खाली उतरायची पायरी मात्र तिथेही कुणी बांधलेली नाही.

शरीराचा दाखला वेगळा असतो आणि तो तुकड्या-तुकड्यांनी येतो. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसायला लागलं, आणि ती गाडी निघून गेल्यावर रस्ता पुन्हा दिसायला पूर्वीपेक्षा वेळ लागू लागला. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, मोतीबिंदूची सुरुवात आहे, अजून काढण्याजोगा नाही. मान उजवीकडे पूर्ण वळेना, म्हणून आरशावर भिस्त वाढली. आणि आरशात न दिसणारा कोपरा तर मान वळवूनच बघावा लागतो. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखू लागलं, तोच क्लचचा हात.

२०२२ साली हृदयात स्टेंट बसला. गाडी चालवू का, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टर तरुण होते, हसले. म्हणाले, "काही महिन्यांनी चालवा. एक लक्षात ठेवा. हाड मोडलं तर जोडता येतं. पण रक्त पातळ ठेवण्याच्या ह्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला आणि आत रक्तस्राव झाला, तर तो थांबवायला अवघड जातं. हेल्मेट असलं तरी." हे मी घरी सांगितलं नाही. घरी सांगितलं ते पहिलं वाक्य.

*

आता अण्णांबद्दल लिहायला हवं. खरं तर सगळं त्यासाठीच लिहायला घेतलंय.

माझे वडील सांगलीला धाकट्या भावाकडे असत. त्यांच्याकडे बजाज चेतक होती. रोज सकाळी विश्रामबागेतून गणपती पेठेत जायचं, देवळात दर्शन, मग भाजी, मग एका मित्राच्या दुकानात तासभर बसणं. २००४ साली, म्हणजे ते ७४ वर्षांचे असताना, दोन महिन्यांत दोनदा पडले. दुसऱ्यांदा एका सायकलवरच्या मुलालाही लागलं, नशिबाने थोडक्यात निभावलं. भावाचा फोन आला. मी पुण्याहून गेलो. आम्ही दोघा भावांनी रात्री स्वयंपाकघरात बसून ठरवलं की अण्णांशी वाद घालण्यात अर्थ नाही. सकाळी चेतकची चावी खिळ्यावर नव्हती.

अण्णांनी ती तीन दिवस शोधली. शर्टांचे खिसे, देव्हाऱ्यामागे, गादीखाली. मला म्हणाले, "बघ रे जरा, म्हातारपणी काही सुधरत नाही." मी त्यांच्याबरोबर शोधली. चावी माझ्या पाकिटात होती आणि मी त्यांच्याबरोबर वाकून कॉटखाली बॅटरी मारत होतो.

चौथ्या दिवशी त्यांनी शोधायचं थांबवलं. काही बोलले नाहीत. महिन्याभराने भावाने चेतक विकली. अण्णा पुढे आठ वर्षं होते. गणपती पेठेत फारसे गेले नाहीत. भाऊ गाडीने नेतो म्हणाला तर "आज नको" म्हणत. दुकानातले मित्र अधूनमधून येत, मग येईनासे झाले. आम्ही त्यांचा जीव वाचवला हे खरंच आहे, आणि त्या मुलाचाही कदाचित. तेव्हा मला एवढंच दिसत होतं.

ते २०१२ साली गेले. त्यांची कागदपत्रांची पत्र्याची पेटी मी आवरत होतो. विम्याच्या पावत्या, पेन्शनचं पुस्तक, आईचा एक फोटो, आणि तळाशी एका पाकिटात, स्वच्छ पुसून ठेवलेली, चेतकची दुसरी चावी.

नव्या गाडीबरोबर दोन चाव्या मिळतात हे बँकेत वाहनकर्जं देणाऱ्या मला सुचू नये? ती पेटी त्यांच्या कॉटखालीच असे, तिची किल्ली त्यांच्या जानव्याला. त्यांना दुसरी चावी आठवत नव्हती की आठवून त्यांनी ती वापरली नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. पण पाकीट नीट दुमडलेलं होतं. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे जातो. चौथ्या दिवशी त्यांना कळलं असावं की मुलं आपल्याला थांबवू बघतायत, आणि त्यांनी ते आमच्यासाठी मान्य केलं. थांबायचं त्यांनी स्वतःच ठरवलं असेल, तर त्याचं श्रेयही आम्ही त्यांना मिळू दिलं नाही. त्यांच्या हातात हात घालून "अण्णा, आता बास" म्हणायला लागली असती ती पाच मिनिटं आम्ही वाचवली.

*

पसरणीनंतरच्या आठवड्यात मी गाडीची पुस्तिका काढली. २०१९ साली, गाडी घरी आणली त्या रात्री, मी तिच्या मागच्या कोऱ्या पानावर चार नियम लिहून ठेवले होते. अण्णा डोक्यात होते म्हणूनच लिहिले होते. निवृत्त बँकवाला, त्यामुळे अक्षर सुवाच्य आणि शाई काळी:

१. गाडी डबल स्टँडला स्वतः घेता आली पाहिजे.
२. आडवी पडली तर एकट्याने उचलता आली पाहिजे.
३. समोरच्या दिव्याने रस्ता दिसेनासा झाला तर रात्री चालवायची नाही.
४. यातलं एक जरी चुकलं तर गाडी विकायची. कुणी सांगायची वाट बघायची नाही.

हे सगळं मला आठवत होतं. जे आठवत नव्हतं ते पानावर दिसलं. दुसऱ्या नियमात "एकट्याने"च्या आधी, ओळीच्या वर, काकपद करून एक शब्द घातला होता: "शक्यतो". निळ्या शाईत. अक्षर माझंच. कधी घातला? स्टेंटनंतर असावा. मुळीच आठवत नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या खाडाखोडी पकडण्यात गेली, आणि स्वतःच्या कागदावर मी सही न करता दुरुस्ती केली होती.

ठरवलं की तो शब्द नाही असं धरून एकदा बघायचं. माझे मेकॅनिक, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, एका रविवारी सकाळी आले. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत जुनी गादी टाकली आणि दोघांनी मिळून गाडी तिच्यावर उजव्या कुशीला निजवली. बायको वर गॅलरीत उभी होती. "डॉक्टरांना विचारलंत का हो?" असं तिने विचारलं होतं. मी विचारलं नव्हतं, आणि तुम्ही असं करू नका.

मोठी गाडी उचलायची एक रीत आहे. हातांनी ओढायची नाही. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी डावीकडचा साइड स्टँड उघडून ठेवायचा, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे कलली तर त्यावर टेकते. गिअरमध्ये टाकायची, म्हणजे चाक पळत नाही. मग सीटला पाठ लावून खाली बसायचं, एका हाताने हँडलचं टोक, दुसऱ्या हाताने मागचा दांडा धरायचा, आणि पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकायची. रीत उत्तम आहे. पन्नास किलोची मुलगीसुद्धा ह्या रीतीने मोठी गाडी उभी करू शकते.

पहिल्यांदा गाडी वीतभर उठली. दुसऱ्यांदा अर्ध्यापर्यंत आली आणि माझा उजवा गुडघा थरथरायला लागला. बसलो, पाणी प्यायलो. तिसऱ्यांदा ती आली, वर आली, जवळजवळ उभी राहिली, आणि त्या शेवटच्या वीतभर अंतरावर उस्तादांनी काही न बोलता एक हात लावला. एकच हात, तोही तळवा. गाडी साइड स्टँडवर टेकली.

"झालं की साहेब," उस्ताद म्हणाले. "मी नुसता हात लावला."

तो एक हात म्हणजेच माझा निळ्या शाईतला शब्द होता. उस्ताद ताम्हिणीत नसणार, पसरणीत नसणार.

मुलीला त्याच संध्याकाळी फोन केला. गाडी विकतोय म्हणालो. ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "मी दिवाळीत बोलणार होते. मग वाटलं, तुम्ही स्वतः सांगाल." मी तिला आजोबांच्या चावीची गोष्ट सांगितली. तिला ती माहीत नव्हती. कुणालाच मी सांगितली नव्हती, भावालासुद्धा नाही.

*

गाडी फेब्रुवारीत गेली. बघायला आलेला मुलगा तिशीचा, बरोबर बायको. त्याने टायर बघितले, चेनचा ताण बघितला, इंजिन गार असताना चालू करून बघितलं. जाणता होता. आरशाचा तडा बघून विचारलं, "पडली होती का?"

"हो. उभ्या उभ्या. खडीवर हँडल वळवून पुढचा ब्रेक दाबला होता मी. तू दाबू नकोस."

तो हसला. त्याच्या बायकोने मात्र ते लक्षपूर्वक ऐकलं.

नमुना २९ आणि ३० वर सह्या केल्या. दोन्ही चाव्या एका पाकिटात घालून दिल्या. घरात आता स्कूटर आहे, शंभरेक किलोंची, सीट खाली, दोन्ही पाय सपाट टेकतात. तिच्यासाठी पान नवं, नियम तेच, आणि खाली आता बायकोचीही सही घेतलीय, म्हणजे परस्पर दुरुस्ती नको. पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो. आनंद पूर्वीइतका नाही. आहे तेवढा आहे.

निघताना त्या मुलाने, सगळेच गिऱ्हाईक विचारतात तो प्रश्न विचारला. "काका, फर्स्ट ओनर तुम्हीच ना? घरात कोण चालवायचं?"

"मीच," मी म्हणालो. "माझीच गाडी. आता मला एकट्याला उचलता येत नाही, म्हणून विकतोय."